समजतं, पण सुटत नाही

बारावीच्या मुलांकडून मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं ते हे: "सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं समजतं. स्वतः करायला बसलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही." मेकॅनिक्सच्या, म्हणजे बल आणि गतीच्या प्रकरणांच्या बाबतीत ही तक्रार हमखास असते. आणि तिच्या मागोमाग निकालही लावलेला असतो, 'मला फिजिक्सचं डोकंच नाही.' हा निकाल बहुतेक वेळा खोटा असतो. एका मुलीचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

देवगड तालुक्यातलं गाव, वडिलांची आंब्याची बाग. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेन (देशपातळीवरची) आणि सीईटी (राज्याची) या दोन्ही परीक्षा द्यायच्या होत्या. घरात रेंज नाही, म्हणून संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर जाऊन व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि रात्री बघत बसायचं, असा तिचा क्रम. वडील तिला घेऊन आले ते काळजीनेच. "मॅडम, चेडू रात्री एकपर्यंत जागता, पण मार्क काय वाढनत नाय."

मी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि कच्ची वही मागितली. मूल कुठे अडतं ते गुणांत दिसत नाही, खाडाखोडीत दिसतं. तिच्या वहीत आकृती जवळजवळ नव्हतीच. प्रश्न वाचला की लगेच सूत्र, सूत्रात आकडे, आणि उत्तर पर्यायांत नसलं की दुसरं सूत्र.

तिला तिच्याच अंगणातला प्रश्न घातला. २० किलोचं आंब्याचं क्रेट जमिनीवर आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.५, तू ६० न्यूटन बलाने आडवं ढकललंस. घर्षण किती? तिने क्षणात μN लिहिलं (μ म्हणजे गुणांक, N म्हणजे जमीन वस्तूला वर ढकलते ते लंब बल), गुरुत्वत्वरण g दहा धरलं, १०० न्यूटन. मी म्हटलं, "बरं, मग क्रेटवरचं एकूण बल?" तिने वजाबाकी केली, ४० न्यूटन, उलट्या दिशेने. "म्हणजे तू ढकललंस आणि क्रेट तुझ्याच अंगावर आलं?" ती थांबली, मग हसली. १०० ही घर्षणाची कमाल मर्यादा. ढकलणं ६० चं असेल तर घर्षणही ६० च, आणि क्रेट जागेवर. हे तिला दुपारभर क्रेट सरकवताना माहीत होतंच. फक्त वही उघडली की ते ज्ञान बाहेर राहत होतं.

असाच दुसरा प्रश्न. ५ किलोचा ठोकळा २० न्यूटन बलाने आडव्याशी ३०° कोनात वर ओढला, गुणांक ०.२. तिने N म्हणजे वजन (mg) धरून ५० घेतले आणि त्वरण १.४६ काढलं. पण दोरी ठोकळ्याला थोडी उचलतेही, म्हणून N फक्त ४०, आणि त्वरण १.८६. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते, त्यामुळे १.४६ हाही पर्याय छापलेला असू शकतो. मग मूल निर्धास्तपणे चुकतं आणि घरी येऊन सांगतं, पेपर सोपा होता.

माझं मत असं बनलं आहे की अशा मुलांना सराव कमी पडत नाही, निवड करण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नसते. व्हिडिओत शिक्षक आकृती काढतात, अक्ष ठरवतात, कुठला नियम लावायचा ते ठरवतात. मूल फक्त मान डोलावतं. परीक्षेत मात्र नेमकं तेवढंच काम त्याच्यावर येतं, कारण उरलेलं गणित बहुतेक वेळा दहावीचं असतं. पोहणाऱ्याकडे काठावरून बघून पोहता येत नाही, तसंच हे.

म्हणून तिचे दिवसाचे चाळीस प्रश्न आठवर आणले. वडील अस्वस्थ झाले, ते साहजिकच होतं. वहीचं पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला फक्त वस्तू सुटी करून काढायची आणि तिला जे जे स्पर्श करतं त्याचं एकेक बल, शिवाय वजन. प्रत्येक बल कोण लावतंय हे सांगता आलं पाहिजे. आंबा घाटात वळणावर एसटीत आपण बाहेर फेकले जातो, म्हणून ती जमिनीवरून बघतानाही बाहेरच्या दिशेने बाण काढायची. "हे बल कोण लावतंय?" विचारलं की उत्तर नाही. तो बाण गेला. डावी बाजू पूर्ण झाल्याशिवाय उजवीकडे सूत्र लिहायचं नाही. पंधरा मिनिटं उत्तर बघायचं नाही, आणि बघायचंच झालं तर पहिली ओळ वाचून पुस्तक मिटायचं.

पद्धत निवडण्यावर आम्ही बराच वेळ घालवला. त्वरण किंवा ताण विचारला असेल तर न्यूटनचे नियम. दोन जागांमधला फक्त वेग हवा असेल तर आधी ऊर्जा बघायची. टक्कर असेल तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग). पण एकाच प्रश्नात दोन टप्पे असले की मुलं घसरतात. १० ग्रॅमची गोळी ४०० मीटर प्रतिसेकंद वेगाने १.९९ किलोच्या टांगलेल्या ठोकळ्यात रुतते, ठोकळा किती उंच जाईल? सरळ ऊर्जा अक्षय्यता लावली तर ४० मीटर येतं. आकडा बघूनच शंका यायला हवी. रुतताना बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते, तिथे संवेगच धरायचा. दोघांचा वेग २ मीटर प्रतिसेकंद, आणि त्यानंतर ऊर्जा लावून उंची ०.२ मीटर. हा प्रश्न तिने मोठ्या भावाला समजावून सांगितला, तेव्हा मला खात्री वाटली.

चुकांची एक वेगळी वहीही ठेवली, तीन रकान्यांची: आकृती, पद्धत, आकडेमोड. पहिला रकाना भराभर भरला, मग हळूहळू ओस पडत गेला. आकडेमोडीचा मात्र भरतच राहिला. त्यावर काम अजून चालू आहे.

परीक्षेच्या वेळेचं थोडक्यात. जेईई मेनमध्ये चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो, सीईटीत कापला जात नाही. म्हणून जेईईत दोन मिनिटांत आकृती जुळली नाही तर पुढे जायचं, सीईटीत काहीच कोरं सोडायचं नाही. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के असतो, म्हणून बरीच मुलं अकरावीचं मेकॅनिक्स सोडून देतात. जेईई देणाऱ्याला ते अजिबात परवडत नाही. शिवाय राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण घूर्णन गतीचं (रोटेशनल डायनॅमिक्स) आहे, ते त्याच पायावर उभं आहे.

शेवटी वडिलांनी विचारलं, एक वर्ष लातूरला क्लाससाठी पाठवू का? मी त्यांना वहीच दाखवली. तिथेही फळ्यावरची आकृती शिक्षकच काढणार. सध्या ती स्वतः काढायला लागली आहे, तेव्हा यंदा घर आणि खर्च दोन्ही राहू द्या, असं मी सांगितलं. वेगळं काही करायचं असेल तर तिच्या बरोबरीची एखादी मुलगी शोधा, जिच्यासमोर ती रोज एक प्रश्न मोठ्याने सोडवेल. शेजारच्या वाडीतली एक मुलगी 'नीट' (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) देते आहे. दोघींचं फिजिक्स बरंचसं एकच.