मुलीची दहावी झाली, तिला बायोटेक्नॉलॉजीच करायचंय. सोलापुरात अकरावीपासून काय करता येईल?

बायोटेक्नॉलॉजी हा स्वतंत्र ऐच्छिक विषय सीबीएसईला अकरावी-बारावीत आहे, पण तो शिकवणाऱ्या शाळा कमी. त्यासाठी पोरीला पुण्याला धाडण्याची मला तरी गरज वाटत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्रात या विषयाचा धडा आहेच. सायन्स घ्या, आणि झेपत असेल तर जीवशास्त्रासोबत गणितही ठेवा, पुढे बी.टेक. की बी.एस्सी. हा निर्णय तेव्हा मोकळा राहतो. आकडेमोड या क्षेत्रात सुटत नाही, हेही तिला आत्ताच सांगा.

खरी शाळा मात्र आपल्या जिल्ह्यातच आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबाचा तेल्या रोग जिवाणूमुळे होतो आणि रोगट झाडाच्या गुटी कलमांतून (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपांतून) नव्या बागेत शिरतो. म्हणून निरोगी मातृवृक्षाचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत, पोषक माध्यमावर वाढवून रोपं करतात. हेच टिश्यू कल्चर. (अशा रोपालाही बागेत तेल्या लागू शकतो, ते फक्त रोगमुक्त सुरुवात देतं.) एखादी टिश्यू कल्चर लॅब आधी विचारून बघून या.

घरी प्रयोग करायचा तर केळ्यातला डीएनए वेगळा काढून बघा. केळं कुस्करून त्यात मीठ, पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण घाला, गाळा, वरून गार सर्जिकल स्पिरिट हळूच सोडा. साबण पेशींचं आवरण फोडतो, स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही, म्हणून पांढरे धागे वर येतात. स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा.