आजोबांचे मोडी रुमाल

प्रश्न : आजोबांच्या रुमालात बांधलेले जुने मोडी कागद डिजिटल ग्रंथालयाला द्यावयाचे आहेत, त्याआधी त्यांना लॅमिनेशन करावे का?

उत्तर : मुळीच करू नका, कारण उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा केल्याशिवाय सहसा निघत नाही. रुमालातील कागदांचा क्रम आधी नोंदवून, कोऱ्या पाठींसह प्रत्येक पान स्कॅन करावे आणि जतनाची प्रत टिफ स्वरूपात, तर वाचकांसाठीची हलकी प्रत जेपेगमध्ये ठेवावी. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात (संगणकावरील लिप्यांच्या जागतिक अक्षरसंचात) स्थान मिळाले असले, तरी स्कॅन केलेले चित्र शोधात सापडते ते नोंदींमुळेच; म्हणून गाव, व्यक्ती, विषय आणि कागदावरील शक, सुहूर किंवा फसली (या जुन्या कालगणना) सन जसाच्या तसा देवनागरीत लिहून द्यावा (इसवी सनात रूपांतर करण्याची घाई नको, हा आमचा आग्रह). मूळ रुमाल मात्र घरीच राहू शकतो.