हात खपलीकडे जातो तेव्हा

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. रात्री सगळे झोपले की न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून चेहऱ्यावरच्या पुळ्या फोडते, दंडावरच्या खपल्या काढते. पाऊण तास कसा जातो कळत नाही. नंतर रडू येतं. भर वैशाखातही पूर्ण बाह्या घालते. लहानपणी घरात दारू आणि मारहाण होती. एका व्हिडिओत ऐकलं, की हा चाळा म्हणजे जुन्या आघाताची खूण. खरं आहे का? थांबवू कसं?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, तुमचा त्रास वैद्यकाला जुना ठाऊक आहे; आज त्याला कातडी खुडण्याचा विकार (एक्स्कोरिएशन डिसऑर्डर) म्हणतात. एरॅस्मस विल्सन या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाने १८७५ साली त्याचं वर्णन केलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून तो स्वतंत्र विकार म्हणून आहे, ओसीडीच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा होण्याच्या विकाराच्या) भावकीत. शंभरात एक ते पाच जणांना तो असतो असं वेगवेगळ्या पाहण्या सांगतात. बहुतेकांचा वयात येताना, पहिल्या पुळ्यांबरोबर सुरू होतो.

व्हिडिओतलं वाक्य अर्धंच खरं आहे. हा त्रास असलेल्या अनेकांच्या बालपणी मारहाण, दुर्लक्ष किंवा अत्याचार आढळतो, पण तसं काहीही न घडलेल्यांनाही तो होतो. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. त्यामुळे खपली दिसली म्हणून आघात शोधत बसू नये. आघात मात्र आगीला वारा घालतो. ज्या घरात रात्री दार वाजलं की पोटात गोळा यायचा, तिथे वाढलेलं शरीर पुढेही सावधच राहतं. त्या ताणात बोटांनी एखादी खरखरीत कड शोधून ती काढली की लक्ष तेवढ्या जागेवर एकवटतं आणि काही मिनिटं आतला गलका थांबतो. कुणाला उलट आतून बधिर वाटतं, आणि चुरचुरल्यावर अंगात परत आल्यासारखं होतं. मग रक्त, डाग, लाज. लाजेतून नवा ताण, आणि हात पुन्हा तिथेच. तुमची वेळ रात्रीची, घर निजल्यावरची आहे. लहानपणी धोक्याची वेळ हीच होती का, हे उपचारकाशी बोलताना जरूर सांगा.

काम उलट्या टोकाने सुरू करायचं. चाळा तुम्हाला शांत करतो आहे, म्हणून त्याच्या जागी दुसरं काही ठेवल्याशिवाय तो ओढून काढला तर चिडचिड किंवा जाग्रण वाढतं.

पहिला आठवडा नोंद ठेवा. वही आरशाजवळच ठेवा. वेळ, जागा, उभी की बसलेली, आधी काय वाटत होतं, बोट कशाच्या शोधात होतं, नंतर काय वाटलं, एवढं एकेका ओळीत लिहा. काहींचा हात टीव्ही बघताना नकळत जातो, काही जण ठरवून आरशासमोर जातात. दोन्हींचे उपाय वेगळे. तुमचा मुख्य प्रकार दुसरा दिसतो, म्हणून आरसा आधी. त्यावर कागद चिकटवा, दिवा मंद करा, चिमटा आणि सुई आईच्या कपाटात द्या. तोंड धुण्यापुरता पाच मिनिटांचा गजर लावा आणि आरशापासून हातभर लांब उभ्या राहा. नखं दर तिसऱ्या दिवशी कापा.

दुसऱ्या आठवड्यापासून पर्यायी हालचाल सुरू करा. ही पद्धत ॲझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली. बोट गालावर फिरू लागलं, की त्याच क्षणी कोपर अंगाला टेकवून मूठ आवळा आणि किमान एक मिनिट धरा. ओढ ओसरली नाही तर पुन्हा. हे फसतं ते बहुधा एकाच कारणाने: दहा मिनिटं खुडून झाल्यावर मूठ आवळली जाते. बोट ‘शोधायला’ लागतं तो क्षण पकडायचा असतो, आणि तो वहीतूनच कळतो. बोटांना सोलण्याचंच सुख हवं असेल तर खरंच सोलायला द्या: भुईमुगाच्या शेंगा, लसूण, नाहीतर कपाशीतली सरकी काढून वाती वळणं. चिकट वाटणाऱ्या रबरी चेंडूपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण इथे खरोखर काहीतरी सुटून हातात येतं.

जखमेला साबण-पाणी पुरे. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी. ओलसर जखम लवकर भरते, खपली कडक होत नाही आणि बोटाला धरायला कड मिळत नाही. भरत आलेली जखम खाजते. नेमकं तेव्हाच पुन्हा खुडलं जातं, म्हणून पट्टी लवकर काढू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, तेव्हा सुती गॉज कागदी टेपने लावून दिवसातून दोनदा बदला. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह असेल तर छोट्या जखमेलाही.

भयानक स्वप्नं, दचकणं, काही जागा टाळणं असंही असेल तर आघातावरचे वेगळे उपचार आहेत: आघात-केंद्रित सीबीटी (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलण्याची पद्धत), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी पद्धत). जुन्या आठवणी रात्री एकटीने उकरू नका. त्या वर आल्या तर तळवे फरशीवर टेकवा, हातावर गार पाणी घ्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. धुळे, जळगाव, नंदुरबार इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचारासाठी विचारा. जगणं नकोसं वाटलं, तर थांबू नका: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी नखांभोवतीची कातडी सोलते, पुळ्या फोडते. ओरडले, फटके दिले, बोटांना कडुनिंबाचा रस लावला. उलट वाढलंय.
— एक आई, शिरपूर

उत्तर : वाढणारच. फटका म्हणजे आणखी ताण, आणि ताणावर तिच्याकडे सध्या एकच औषध आहे. कडू रस तोंडात बोट घालणाऱ्याला थांबवेल, हाताने सोलणाऱ्याला नाही. आजपासून ‘हात काढ’ म्हणणं बंद करा. तिच्याशी ठरवून एक खूण ठेवा, म्हणजे तुम्ही खांद्याला हलकेच हात लावायचा आणि तिने मूठ आवळायची. खूण तिनेच निवडू द्या. रात्री नखांभोवती खोबरेल तेल लावा, सुटी कातडी कात्रीने कापा, अभ्यासाच्या वेळी बोटांना कापडी पट्टी गुंडाळा. पुळ्यांवर त्वचारोगतज्ज्ञाकडून उपचार घ्या. चेहरा गुळगुळीत झाला की बोटाला शोधायला कमी उरतं.

हे अचानक सुरू झालं असेल, ती एखाद्या माणसाला किंवा शिकवणीला टाळत असेल, झोप उडाली असेल, तर नीट ऐका. ‘काय व्हयनं वं माय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला चार दिवस लागतील. काही वाईट घडल्याचं ती बोलली तर तिच्यावर विश्वास ठेवा; मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीवर मदत मिळते.

प्रश्न : यावर गोळी नाही का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : या विकारासाठीच खास मान्यता मिळालेली गोळी नाही. सोबत नैराश्य, चिंता असेल तर मानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटीनसारखं औषध देतात. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकी अभ्यास आशादायक आहे: ६६ प्रौढ, १२ आठवडे, दिवसाला १२०० ते ३००० मिलिग्रॅम. ते घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना चांगला फरक पडला, रिकाम्या (औषध नसलेल्या) गोळीवर १९ टक्क्यांना. हे औषध दुकानातून परस्पर आणू नका, विशेषतः दमा असेल तर. आणि मुठीचा सराव गोळीबरोबरही सुरूच ठेवायचा आहे.

प्रश्न : केळीच्या बागेत काम करतो. अंगभर ओरखडे आहेत. घरचे म्हणतात मनाचं आहे.
— एक वाचक, रावेर

उत्तर : आधी कातडीची तपासणी, मग मनाची. खाज रात्री वाढते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला आहे का, घरात दुसरं कुणी खाजवतं का? तसं असेल तर खरूज समजा. केळीच्या चिकानेही कातडी चिडते. महिनाभर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि हातमोजे घालून फरक बघा. खाज आहे पण पुरळ नाही, असं असेल तर साखर, थायरॉईड, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. खुडण्याच्या चाळ्यात हात पोचतो तिथेच जखमा असतात, पाठीचा मधला भाग स्वच्छ राहतो; डॉक्टरांना पाठ दाखवाच. खरूज निघाली तर पाच टक्के परमेथ्रिन मलम गळ्यापासून तळपायापर्यंत रात्री लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा, आणि डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकाने जरी चुकवलं तरी ती परत येऊ शकते.