व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाची मुदत वेगळी

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी कॅनडात ब्रॅम्प्टनला, तिचं पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) 2023 साली झालंय, येत्या फेब्रुवारीत पहिलं बाळंतपण, त्यासाठी तुम्हा दोघांना तिकडे जायचंय. तुमचं वय 61, वहिनींचं 58, घर मुलुंडला. धाकटा 26 वर्षांचा, इंजिनिअर, त्यालाही तिकडेच जायचंय. आणि एक एजंट म्हणतोय की साडेसहा लाखांत तुम्हा दोघांचं पीआर करून देतो, मुलाला व्हिजिटर व्हिसावर पाठवून तिथे वर्क परमिट काढून देतो. पैसे अजून दिले नसतील तर कृपा करून देऊ नका. दिले असतील तर आजच पावती मागून घ्या.

तो विकतोय ती वस्तू त्याच्या दुकानात नाहीच. शिक्षण-नोकरीच्या जोरावर पीआर मिळवायची जी पद्धत, एक्स्प्रेस एन्ट्री, ती गुणांवर चालते. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 या वयाला मिळतात, आणि 45 झालं की वयाचे गुण शून्य. 61 व्या वर्षी त्या रांगेत उभं राहून काय मिळणार? दुसरा रस्ता आई-वडिलांच्या स्पॉन्सरशिपचा. तो खरा आहे, पण तिथे अर्ज मुलीने करायचा असतो, तेही सरकारने बोलावलं तरच. 2020 साली ज्यांनी स्पॉन्सर करायची इच्छा नोंदवणारा फॉर्म भरला होता, त्याच यादीतून 2025 पर्यंत निवड होत राहिली. तुमच्या लेकीचं पीआरच 2023 चं, म्हणजे ती त्या यादीत नाही. शिवाय स्पॉन्सर करणाऱ्याला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि 20 वर्षं तुमचा खर्च उचलण्याची हमी द्यावी लागते. क्युबेक प्रांताचे नियम वेगळे, पण ब्रॅम्प्टन ऑन्टारिओ प्रांतात येतं. ती रांग कोणताही एजंट पुढे सरकवू शकत नाही.

उरले दोन. व्हिजिटर व्हिसा आणि सुपर व्हिसा. सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिजिटर व्हिसा पासपोर्टच्या मुदतीच्या आत 10 वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. तो चिकटलेला पाहिला की लोकांना वाटतं, आता दहा वर्षं हवं तेवढं राहता येईल. तसं नाही. दहा वर्षं ही दार ठोठावण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने पासपोर्टवर वेगळी तारीख घातली नाही तर ते सहा महिने असतात. मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपायच्या निदान 30 दिवस आधी तिथूनच ऑनलाइन अर्ज करायचा. निर्णय येईपर्यंत तुम्ही कायदेशीरपणे राहू शकता.

सुपर व्हिसा खास आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. 4 जुलै 2022 पासून यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण बोलावणारं मूल नागरिक किंवा पीआर हवं, त्याचं उत्पन्न कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठरलेल्या रकमेच्या वर हवं, आणि त्या माणसांत तुम्ही दोघेही मोजले जाता. किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही, पूर्ण हप्ता किंवा पहिला हप्ता भरल्याचा पुरावा लागतो. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करायची, आपल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र चालत नाही. विमा घेताना बीपी-शुगरच्या गोळ्यांचं खरं सांगा. ठरावीक दिवसांत औषध किंवा डोस बदलला असेल तर त्या आजाराचा दावा बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. या व्हिसावर सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, त्यामुळे ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. जानेवारीत जाऊन जून-जुलैत परत यायचं असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा पुरे. फी माणशी 100 कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे-फोटोचे 85. ठसे 10 वर्षं चालतात. लेक वर्षभराने कामावर रुजू होणार आणि बाळाजवळ तुम्ही लागणार, असं घरात बोलणं चालू असेल तर पहिल्यापासून सुपर व्हिसाच मागा. मनात वर्ष आणि कागदावर दोन महिने, असं करू नका.

हे मी सोसून शिकले आहे. 2017 साली आमच्या मोठीच्या बाळंतपणाला जायचा अर्ज केला तेव्हा एका एजंटाच्या सांगण्यावरून आम्ही मुदत ठेव मोडली आणि आठ लाख बचत खात्यात आणून ठेवले, "बॅलन्स दिसला पाहिजे" म्हणून. पत्रात लिहिलं, पर्यटन, 30 दिवस. बाळंतपणाचा उल्लेख करू नका, त्यांना वाटेल आया म्हणून चाललात, असंही त्यानेच सांगितलं. व्हिसा नाकारला. मुलीने तिथे 5 डॉलर भरून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. त्यात दोन ओळी होत्या: खात्यात अचानक मोठी रक्कम, स्रोत दिलेला नाही; मुलगी गरोदर, तरी भेटीचं कारण पर्यटन. मुलीने स्वतःच्या पत्रात सगळं खरं लिहिलं होतं, खोटे दिसलो आम्ही. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. नात झाली तेव्हा मी गोरेगावात फोन हातात धरून बसले होते.

दुसऱ्या वेळी अर्ज आम्हीच भरला. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, त्यात दर महिन्याला येणारं पेन्शन. ठेवी मोडल्या नाहीत, त्यांच्या पावत्या जोडल्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा सातबारा इंग्रजी भाषांतर करून. आणि मी स्वतः लिहिलेलं एक पानी पत्र: नात चार महिन्यांची आहे, तिला सांभाळायला मदत करायची आहे, अमुक तारखेला परत येणार, धाकट्याचं लग्न डिसेंबरात ठरलंय. व्हिसा आला. आईने मुलीला बाळाच्या कामात विनामोबदला मदत करणं हे तिथे नोकरी धरलं जात नाही, त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत अगदी हेच उदाहरण दिलेलं आहे. तेव्हा बाळंतपण लपवू नका. डॉक्टरांचं तारखेचं पत्र लेकीकडून मागवून जोडा.

विमा, निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट यांची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. 2023 मध्ये सुपर व्हिसावर गेलो तेव्हा टोरांटोच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी विम्याचा कागद मागितला आणि आमच्या ह्यांनी तो चेक-इनच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी ठेवलेला. फोनवर पीडीएफ होती म्हणून निभावलं. शिक्का मारला की तिथेच उभं राहून तारीख वाचा, आणि व्हिसा सुपर असल्याचं आधी सांगा.

आता मुलाचं. व्हिजिटरवर जाऊन तिथूनच वर्क परमिटचा अर्ज करायची तात्पुरती सवलत कोविडच्या काळात ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली होती. ती 28 ऑगस्ट 2024 ला बंद झाली. एजंट जुन्या मालावर नवं लेबल लावतोय. मनात नोकरी ठेवून कागदावर सहल लिहिली आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते. 26 व्या वर्षी पाच वर्षं म्हणजे वयाचे चांगले गुण हातचे गेले. "जॉब ऑफर मिळवून देतो, 50 गुण वाढतील" असंही कोणी म्हणेल. ते गुण 25 मार्च 2025 पासून काढून टाकले आहेत.

त्याने सरळ मार्गाने जावं. इंग्रजीची परीक्षा मन लावून द्यावी (निकाल दोन वर्षं चालतो), पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं, आणि कामाचं निदान सलग एक वर्ष पुरं असल्याची पत्रं गोळा करावीत. पदवी मुंबई विद्यापीठाची असेल तर ट्रान्स्क्रिप्टचं (विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं) काम आधी हाती घ्यावं, सगळं त्याच्यावर अडतं. बहीण पीआर असल्याचे त्याला 15 गुण मिळतात, हे एजंटाने सांगितलं नसेल. सध्याच्या चढाओढीत एवढ्याने भागेलच असं नाही, पण हा रस्ता त्याचा स्वतःचा आहे.

पैसे देऊन मदत घ्यायचीच असेल तर तो सल्लागार कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत आहे का ते त्याच्या परवाना क्रमांकावरून ऑनलाइन पाहा, किंवा तिथला वकील असू द्या. आणि त्याचं नाव अर्जात प्रतिनिधी म्हणून लिहिलं गेलं पाहिजे. "माझं नाव नको टाकू" म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

एक शेवटचं, आपल्याकडच्यांचं खास. मी माहेरची मंगल, सासरी मानसी झाले. मुलीच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव मंगल, माझ्या पासपोर्टवर मानसी. नातं सिद्ध करायचा मुख्य कागद तोच, आणि त्यावरची आई वेगळीच बाई! लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र असं तिन्ही जोडलं, अर्जात "इतर नावं" या रकान्यात मंगल लिहिलं, तेव्हा जुळलं. राजपत्राला वेळ लागतो, फेब्रुवारी जवळ आहे. वहिनींचं नाव लग्नात बदललंय का, आणि लेकीच्या दाखल्यावर काय आहे, ते आज काढून बघा आणि इथे कळवा. वेगळं असेल तर कोणता कागद आधी करायचा ते सांगते.