ऑडिटर सोडून गेला, आता मीही राजीनामा देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेतून रिटायर झालेले एक वाचक दोन वर्षांपासून एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टर आहेत, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेले संचालक, आणि हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या ऑडिट कमिटीवर पण आहेत. ऑडिटरने मध्येच काम सोडलं आणि मग यांना कळलं की प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाच्या, सख्ख्या भावाच्या कंपनीला मोठी रक्कम ॲडव्हान्स म्हणून गेलीये, कमिटीपुढे न येताच. आता जुनी तारीख टाकून मंजुरी मागतायत. प्रमोटर म्हणतो सही करा, घरचे म्हणतात राजीनामा देऊन मोकळे व्हा.

साहेब, सही करायची नाही हे तुम्हाला माहितीच आहे, त्यासाठी वकील लागत नाही. अडकलंय ते राजीनाम्यापाशी. माझं मत विचाराल तर आत्ता देऊ नका.

कारण राजीनाम्याने मोकळं होता येत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 168 मध्ये सरळ लिहिलंय की तुमच्या काळात जे गुन्हे घडले त्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते. शिवाय लिस्टेड कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टर गेला की सात दिवसांत सविस्तर कारणं स्टॉक एक्स्चेंजला द्यावी लागतात आणि याशिवाय दुसरं महत्त्वाचं कारण नाही असं तुम्हालाच कन्फर्म करावं लागतं. म्हणजे "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलंत तर जाता जाता खोटं बोलल्याचा कागद स्वतःच्या हाताने तयार केलात.

तुमची खरी ढाल कलम 149(12) आहे. इंडिपेंडंट डायरेक्टर कधी अडकतो, तर गोष्ट बोर्डाच्या कामकाजातून त्याला माहिती होती आणि त्याची संमती किंवा मिलीभगत होती, किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही. हे शेवटचं नीट वाचा. तुम्हाला आता माहिती झालीये, त्यामुळे इथून पुढे गप्प बसलात तर तेच तुमच्या विरोधात जाईल. आणि सेबीच्या नियमांनुसार 1 जानेवारी 2022 पासून असे रिलेटेड पार्टी व्यवहार (कंपनीच्या जवळच्या लोकांशी किंवा त्यांच्या कंपन्यांशी होणारे) ऑडिट कमिटीतले फक्त इंडिपेंडंट मेंबरच मंजूर करू शकतात, म्हणजे चौकशी आली की पहिला प्रश्न तुम्हालाच!

तेव्हा आजच कंपनी सेक्रेटरीला मेल टाका, फोन नको. ॲडव्हान्सचं ॲग्रीमेंट, लेजर, पैसे कोणाच्या सहीने गेले आणि ऑडिटरचं राजीनामा पत्र, सगळं मागा. बाकीच्या इंडिपेंडंट डायरेक्टरांना घेऊन वेगळी मीटिंग लावा, मॅनेजमेंटशिवाय, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 4 मध्ये त्याची सोय आहे आणि कंपनीच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचीही आहे, फॉरेन्सिक ऑडिट (घोटाळा शोधण्यासाठीची हिशेब तपासणी) तिथूनच मागा. बोर्डात ठराव आला तर विरोध करा आणि नाव नोंदवायला लावा, कलम 118 प्रमाणे विरोध करणाऱ्याचं नाव मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, यावंच लागतं. ड्राफ्ट मिनिट्स 15 दिवसांत पाठवतात, त्यावर हरकत घ्यायला तुम्हाला 7 दिवस असतात. लोक नेमकं इथेच आळस करतात आणि दोन वर्षांनी माझ्याकडे येऊन म्हणतात "मी तर बोललो होतो". बोलला असाल हो, पण कागदावर कुठाय?

सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा आठवून बघा. डिसेंबर 2008 मध्ये बोर्डाने, त्यात नावाजलेले इंडिपेंडंट डायरेक्टर होते बरं का, प्रमोटरच्या कुटुंबाशी जोडलेल्या मायटास कंपन्या विकत घ्यायला मान्यता दिली, शेअरहोल्डर भडकल्यावर ती मागे घ्यावी लागली, मग त्यातले काही जण राजीनामे देऊन गेले आणि 7 जानेवारी 2009 ला प्रमोटर रामलिंग राजूंचं हिशेबातल्या घोटाळ्याचं कबुलीपत्र आलं. नंतर सरकारने दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन यांना बोर्डावर बसवलं. ज्यांचा कंपनीत काही हितसंबंध नाही अशा लोकांनी ती काही महिन्यांत सावरून एप्रिलमध्ये टेक महिंद्राच्या हवाली केली. तुमच्या खुर्चीची किंमत अशा वेळीच असते, एरवी काय, चहा-बिस्किटं आणि सिटिंग फी.

कागद दिलेच नाहीत, फॉरेन्सिक ऑडिट बहुमताने पाडलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. राजीनामा द्या आणि त्यात हे सगळं तारखांसकट लिहा, पाठवण्याआधी ड्राफ्ट मला दाखवा.

आणि हो, प्रमोटरचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, आधी बॅकअप घ्या.