‘मॅडम, नाव वाचल्यावर आवाज का बदलतो?’

"लायसन्स हातात घेईपर्यंत ‘काय रे दादा’ असतं मॅडम. टॉर्च मारून नाव वाचलं की आवाज बदलतो. हा माझा भास आहे का?"

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेगवेगळ्या तोंडून आलेला आहे. कधी नावाच्या जागी चेहरा असतो, कधी कपडे, कधी गाडीवरचा परराज्यातला नंबर, कधी नुसता पत्ता. काळजी एकच असते: पोलीस मला थांबवतात ते नियमाने, की मी ‘तसला’ दिसतो म्हणून? आणि हे मला कळणार कसं? त्यातल्या एका मुलाची गोष्ट त्याला विचारून सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव कुठेच लिहीत नाही.

वय चोवीस. राहायला ठाण्याजवळच्या, मुस्लिमबहुल मुंब्र्याच्या पुढे, कौसाला. घराणं मूळ चिपळूणकडचं, शिक्षण मराठी माध्यमातलं. काम एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं. हे नमुने उपाशीपोटी द्यायचे असतात, म्हणून पहाटे पाचला घर सोडायचं, कळव्यावरून ठाण्यात यायचं आणि साडेनऊच्या आत घोडबंदर रोडवरची आठ-दहा घरं उरकायची. पाठीवर निळी पेटी. आत बर्फाच्या जेलच्या पिशव्या, सुया, कापूस आणि लाल, जांभळ्या, राखाडी टोपणांच्या नळ्या.

त्याला माझ्याकडे आणलं ते धाकट्या बहिणीने. झोप उडाली होती. पोटात जळजळ. पहाटे निघायच्या आधी तीन-तीनदा संडासला जावं लागायचं. आणि एक दिवस त्याने कुणाला न सांगता दाढी काढून टाकली होती. आईने विचारलं तर म्हणाला, उकडतं.

पहिल्या भेटीत त्याने एक पहाट सांगितली. बॅरिकेड, दोन पोलीस. गाडी बाजूला घ्यायला लावली, चावी काढून घेतली. लायसन्स पाहिलं. "मुंब्रा का?" मग पेटी उघडायला सांगितली. सुया दिसल्यावर एकाने विचारलं, "हे कुणाला टोचत फिरतोस रे?" दुसरा हसला. लॅबचं ओळखपत्र दाखवलं तरी त्याला पंचवीस मिनिटं कडेला उभं केलं. तेवढ्यात मॉर्निंग वॉकला निघालेले एक काका समोरून आले. दर महिन्याला हा त्यांच्या घरी जाऊन त्यांचं रक्त घेतो, त्यांच्या सोफ्यावर बसतो. काकांनी पाहिलं, ओळखलं, आणि पलीकडच्या फुटपाथवर गेले. पुढच्या घरी पोचेपर्यंत तिथल्या आजींनी वाट बघून चहा-बिस्किट खाल्लं होतं. नमुना गेला. लॅबमधून फोन आला तो वेगळाच.

हे ऐकून मी जे बोलले ते चुकीचं होतं. मी म्हणाले, "नाकाबंदीत सगळ्यांनाच थांबवतात रे."

तो "हो मॅडम" म्हणाला आणि पायाच्या अंगठ्याने खुर्चीखालची चप्पल शोधायला लागला. मला तो अंगठा दिसला म्हणून बरं झालं. मी थांबले. म्हटलं, "मी घाई केली. तू तिथे उभा होतास, मी नव्हते. पुन्हा पहिल्यापासून सांग." त्या दिवशी बाकी काहीच केलं नाही, फक्त ऐकलं.

असं का, ते सांगते. ज्याला सतत संशयाने बघितलं जातं, त्याला घरचे, मित्र, साहेब सगळे हेच सांगत असतात: मनावर घेऊ नको, सगळ्यांनाच होतं. समुपदेशकही तेच म्हणाला की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर आपलं डोकं फिरलंय असं मानायचं, नाहीतर आपलं कुणीच नाही असं मानायचं. दोन्हींनी झोप जाते. आणि त्याची शंका हवेतली नाही. कॉमन कॉज ही संस्था आणि सीएसडीएस ही संशोधन संस्था यांनी 2019 मध्ये 21 राज्यांतल्या सुमारे 12 हजार पोलिसांशी बोलून अहवाल काढला. मुस्लिमांचा कल गुन्ह्याकडे असतो, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे त्यात जवळपास निम्मे होते. म्हणजे प्रत्येक पोलीस असा, असं मी म्हणत नाही. पण ‘असं काही नसतंच’ हे वाक्य मला माझ्या खुर्चीत बसून म्हणता येत नाही. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीतली मुलं माझ्याकडे येतात तेव्हाही हेच. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा रद्द झाला, पण त्या मुलांच्या आज्यांना अजून जीप दिसली की पदर घट्ट ओढून घ्यावासा वाटतो.

आता दुसरी बाजू, आणि ती त्याला सांगताना मी दोन भेटी थांबले. त्या पहाटेनंतर तो लांबून बॅरिकेडचे लुकलुकते दिवे दिसले की गाडी वळवायला लागला होता. कधी गल्लीत शिरायचा, कधी चक्क उलट्या बाजूने परत यायचा. एकदा मागून येणाऱ्या टेम्पोखाली येता येता थोडक्यात वाचला. माझ्याकडे पोलीसही येतात. सलग ड्युट्या, सणासुदीचा बंदोबस्त, घरात भांडणं. त्यातल्या एकांनी सांगितलेलं मला आठवत होतं: "नाक्यावर आम्ही बघतो कोण वळतो, कोण घाम पुसतो." म्हणजे भीतीपोटी हा जे करत होता, तेच त्याला संशयित दिसायला लावत होतं. यात दोष त्याचा नाही. चटका बसला की हात मागे येतोच. पण ते चक्र तोडायचं तर सुरुवात त्याच्या हातात होती, आणि पोलिसाचं मन बदलणं त्याच्या हातात नव्हतं.

आम्ही एक छोटी डायरी घेतली, शर्टाच्या खिशात मावेल अशी. थांबवलं की नंतर, पुढच्या घराच्या जिन्यात, पाच गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ, जागा, सगळ्यांना थांबवत होते की मला एकट्याला, नाव वाचल्याआधी आणि नंतर काय बोलले, किती मिनिटं गेली. कसं वाटलं ते त्यात लिहायचं नाही, ते माझ्याकडे येऊन बोलायचं. सात आठवडे त्याने नेमाने लिहिलं. अकरा वेळा थांबवलं होतं. पाच वेळा सरसकट सगळ्या दुचाक्या बाजूला घेत होते. तीनदा याला एकट्याला घेतलं, पण कागद बघून दोन मिनिटांत सोडलं. उरलेल्या तीन वेळी नाव वाचल्यावरच प्रश्न वाढले होते. शेजारच्या दोन मुलांना गाडीचे कागद विचारले आणि याला ‘मुंब्र्यात कुणाकडे राहतोस, भाऊ काय करतो’.

तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "तीन." थोड्या वेळाने पुन्हा, "मला रोज वाटत होतं."

अनेकांची समजूत असते की थांबवल्या क्षणी ठरवायला हवं, हा भेदभाव आहे की नाही. तसं ते ठरत नाही. एका थांबवण्यावरून समोरच्याचं मन कळत नाही, आणि ते कळण्यासाठी नाक्यावर उभं राहून भांडणं तर सगळ्यात महाग पडतं. तिथे करायचं काम वेगळं असतं: सुखरूप निघणं. न्यायाचं काम नंतरचं, शांत डोक्याने, कागदावर करायचं. त्याला हे पटायला वेळ लागला. त्याला वाटायचं, तिथे गप्प बसलो म्हणजे मान्य केलं.

कायद्याची माहितीही औषधासारखी काम करते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मोटार वाहन कायदा, 1988. त्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर लायसन्स दाखवणं आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणजे मागणं हा अपमान नाही, आणि गणवेशात असणं ही त्यांच्यावरची अट आहे. 2018 मध्ये नियम बदलला, तेव्हापासून डिजिलॉकरमधली किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रंही चालतात. दंड असेल तर ई-चलान येतं, मोबाईलवर मेसेज येतो. पावतीशिवाय रोख मागितली तर द्यायची नाही, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर त्यासाठीच आहे. छातीवरची नावाची पट्टी वाचायची आणि लक्षात ठेवायची, मोठ्याने वाचून दाखवायची नाही. हेल्मेट, पीयूसी, इन्शुरन्स या तीन गोष्टींत आपली बाजू स्वच्छ ठेवायची. त्याचं पीयूसी संपलेलं होतं. ते त्याने त्याच संध्याकाळी काढलं.

मग तालीम. माझ्या खोलीतली खुर्ची उलटी करून तो गाडीवर बसल्यासारखा बसला, मी समोर उभी. "ए, बाजूला घे. कुठे चाललास?" पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याच्या मानेची शीर उडताना दिसली, माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईसमोर. मी लगेच थांबले. आधी दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, टाचांसकट. हॅण्डलवरची बोटं सैल सोडायची. श्वास आत घेताना तीन अंक, सोडताना सहा. मग दोनच वाक्यं: "साहेब, मी लॅबसाठी रक्ताचे नमुने घ्यायला चाललोय. हे ओळखपत्र, हे लायसन्स." पेटी उघडायला सांगितली तर झाकण स्वतःच्या हाताने उघडायचं आणि सांगायचं, "नळ्यांना हात लावू नका साहेब, पेशंटचं रक्त आहे." ही वाक्यं आम्ही निदान वीस वेळा म्हटली असतील. लॅबकडून त्याने शिक्क्याचं पत्र घेतलं, त्यावर सुया का बाळगतो ते एका ओळीत लिहून घेतलं. ओळखपत्र पाकिटात न ठेवता गळ्यात घालायला लागला. बॅरिकेड दिसलं की वळायचं नाही, हे मात्र सगळ्यात शेवटी जमलं.

वडिलांना मी एकदा बोलावलं. मुलाचा त्यांच्यावर राग होता, कारण ते प्रत्येक वेळी एकच सांगत: मान खाली घालून निघून यायचं, साहेबांशी वाद नको. त्या दिवशी बोलता बोलता वडील म्हणाले, 92-93 च्या दंगलीनंतर आम्ही मुंबई सोडून मुंब्र्याला आलो तेव्हा हातात शिलाई मशीन होतं आणि स्टोव्ह. एवढंच. मुलाला आपण मुंबईतून आलो हे माहीत होतं, कसे आलो हे माहीत नव्हतं. त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 1998 च्या अहवालात पोलिसांमधल्या पूर्वग्रहाची नोंद केलेली आहे. वडिलांनी तो अहवाल वाचलेला नाही, त्यांना त्याची गरजही नाही. मान खाली घालणं ही त्यांची हार नव्हती, त्याच रीतीने त्यांनी घर जगवलं होतं. मुलगा काही बोलला नाही. निघताना त्याने वडिलांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

त्या तीनपैकी एका प्रसंगाची तक्रार करायची असं त्याने स्वतः ठरवलं. मी आग्रह धरला नव्हता. नोकरी, घर, पुन्हा त्याच रस्त्याने जायचं, हे सगळं तोलूनच हा निर्णय घ्यावा लागतो, आणि ज्याने तक्रार केली नाही तो भित्रा ठरत नाही. अर्ज एका पानाचा लिहिला: तारीख, वेळ, जागा, पट्टीवरचं नाव, बोललेले शब्द जसेच्या तसे, किती मिनिटं थांबवलं. ‘पोलीस असेच असतात’ हे वाक्य त्याने आधी लिहिलं होतं, ते आम्ही काढलं. कारण अधिकाऱ्याला त्याच वाक्याला धरून बाकीचं बाजूला ठेवता आलं असतं. अर्ज वरिष्ठांच्या कार्यालयात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेतला. मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, पैसे उकळणं असे गंभीर प्रकार असतील तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या खटल्यात अशी प्राधिकरणं नेमायला सांगितली होती. मुंबईत राज्य मानवी हक्क आयोगही आहे. याचं प्रकरण तिथवर न्यावं असं त्याला वाटलं नाही.

त्याला एकदा बोलावून घेतलं. अधिकाऱ्यांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, ‘बघतो’ म्हणाले. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. मी त्याला येईल असं आश्वासन दिलेलं नाही.

झोप सुधारली आहे, पोटाचं औषध बंद झालंय. ज्यांची झोप दोन-तीन आठवडे जागेवर येत नाही, कामावर जायचं म्हटलं की छाती धडधडते किंवा जगणं नको वाटतं, त्यांनी एकट्याने सोसू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्या काकांच्या घरी तो अजून जात नाही, लॅबने ते घर दुसऱ्या मुलाला दिलंय. दाढीबद्दल मी विचारलेलं नाही.

अर्जाची शिक्का मारलेली प्रत तो मोबाईलच्या कव्हरमागे घडी करून ठेवतो. घडीवर कागद फाटायला आला होता, म्हणून मागच्या भेटीत आम्ही दोघं खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक माझ्या फाईलला आहे.