बाबा खातात, तरी वजन का उतरतंय?

प्रश्न : बाबांना (वय 61) मागच्या वर्षी मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाण्याचा आजार) निघाला. पाच महिन्यांत वजन 68 वरून 59 किलोवर आलंय. आई दोन्ही वेळ स्वतः भरवते, अर्ध्या चपातीला पाऊण तास लागतो, तरी भेटायला येणारे म्हणतात खायला नीट घालत नाही. कोलेस्टेरॉल आहे म्हणून तूप बंद केलंय. वजनावर कुठे संशोधन झालंय का?
– एक मुलगी, सांगली

उत्तर : ताई, आधी आईंना सांगा की यात त्यांची काहीएक चूक नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ठणकावून सांगा. स्नायू सुकतात म्हणून वजन जातं, गिळता येत नाही म्हणून पोटात कमी जातं हे तर आहेच, पण साधारण निम्म्या पेशंटमध्ये शरीर नुसतं पडून असतानाही अपेक्षेपेक्षा जास्त कॅलरी जाळत असतं. हे अंदाजाने म्हणत नाहीये, फ्रान्समधल्या लिमोजच्या डॉक्टरांनी मोजून दाखवलंय. पेशंटला उपाशीपोटी झोपवायचं, डोक्यावर पारदर्शक हूड ठेवायचं आणि श्वासातून ऑक्सिजन किती खर्च झाला, कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला ते बघायचं, त्यावरून कॅलरीचा हिशोब निघतो.

आता तुपाचं. जर्मनीत उल्मच्या टीमने 201 जणांवर ट्रायल घेतली, 2020 मध्ये छापून आली. अर्ध्यांना रोज 405 कॅलरी जादा दिल्या, सगळ्या फॅटमधून, म्हणजे आपल्याकडे तीन मोठे चमचे तुपाच्या थोडं वर. सगळे मिळून बघितलं तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण ज्यांचा आजार झपाट्याने वाढत होता त्यांच्यात फायदा दिसला. पण झपाट्याने वाढणाऱ्यांचा हा वेगळा हिशोब ट्रायल झाल्यावर मांडलेला आहे, म्हणून तेवढा पक्का नाही, त्यामुळे तूप म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही. पण या आजारात कोलेस्टेरॉलपेक्षा वजन घटणं जास्त घातक आहे, म्हणून तूप बंदच ठेवायचं का हे न्यूरॉलॉजिस्टना परत विचाराच, माझं मत विचाराल तर मऊ खिचडीवर तूप पडलंच पाहिजे. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर पेजेसारखं दाटसर द्या, किती दाट ते स्पीच थेरपिस्टकडून (गिळणंही तेच तपासतात) ठरवून घ्या.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. ब्रिटनमधल्या 24 सेंटर्सच्या अभ्यासात थेट पोटात अन्न देण्याची नळी, म्हणजे पेग, बसवेपर्यंत ज्यांचं वजन निदानाच्या वेळेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त घटलं होतं ते कमी जगले. बाबांचं पाच महिन्यांतच 13 टक्के गेलंय. पेगचा विषय याच आठवड्यात काढा, श्वासाची ताकद चांगली असताना ती बसवणं सोपं जातं. नळी बसली तरी आईंच्या हातचे चवीपुरते दोन घास, डॉक्टर हो म्हणाले तर, चालू ठेवता येतात.

आणि दर महिन्याला वजन लिहून ठेवा. उभं राहता येत नसेल तर भुसाराच्या मोठ्या काट्यावर व्हीलचेअरसकट करा, मग रिकाम्या खुर्चीचं वजा करा.